आज कुणाला आणलं, आण्णा?

माकणीत कुणाला काही झालं, की तो आधी दवाखान्यात जायचा नाही. आधी उत्तरेश्वर आण्णांच्या दुकानात जायचा. दुकान बी-बियाण्यांचं, पण गर्दी दुखण्यांची. एका अंगाला सोयाबीनच्या पिशव्या, दुसऱ्या अंगाला बाकडं, आणि बाकड्यावर कुणी गुडघा धरून, कुणी पोट धरून, कुणी नुसतंच तोंड पाडून बसलेलं. समोर आण्णा पांढऱ्याशुभ्र कपड्यांत. इस्त्री अशी कडक, की शर्टाच्या बाहीनं कांदा चिरावा. ते सांगायचे, मोतीबिंदू असला तर लातूर, हाड मोडलं तर सोलापूर, मूतखडा असला तर उमरगा, आणि तिथं गेल्यावर माझं नाव सांगा. नाव सांगितल्यावर नेमकं काय व्हायचं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. पण नाव घेऊन निघालेल्या माणसाला निम्मं बरं वाटायचं, हे मात्र खरं.

पेशंट अवघड असला तर आण्णा स्वतः सोबत जायचे. त्यामुळं दवाखान्यांच्या व्हरांड्यांतून त्यांची इतकी ओळख, की समोरून येणारा पहिला प्रश्न हाच करायचा, "आज कुणाला आणलं, आण्णा?" आणि आण्णा छाती जराशी पुढं काढून कुणाचं तरी नाव सांगायचे.

दुखणं अंगावर काढणारा माणूस दिसला, की मात्र आण्णांच्या जिभेला धार चढायची. दोन वर्षांपूर्वी बंडप्पाच्या बायकोच्या, लक्ष्मीबाईच्या छातीत गाठ झाली. बंडप्पा म्हणजे 'छोटा हत्ती' टेम्पोत कांदे-टोमॅटो भरून बाजारोबाजार फिरणारा माणूस. कुणाच्या तरी सांगण्यावरून त्यानं गाठीवर कडुलिंबाचा पाला वाटून बांधला. आण्णांना हे कळलं ते नेमकं स्टँडवरच्या हॉटेलात, भरल्या गर्दीत.

"बंडप्पा, ती बायको हाय का बैल?" आण्णांनी सगळ्यांदेखत विचारलं. "बैल लंगडला तर डॉक्टर बोलावतूस की रं."

सगळं हॉटेल हसलं. आण्णांना वाटलं, काय झणझणीत बोललो आपण. बंडप्पानं हातातला चहा न पिता खाली ठेवला आणि निघून गेला. त्या दिवसापासून तो बियाणं लोहाऱ्यातून आणायला लागला. लक्ष्मीबाईला त्यानं कुणाला न विचारता बार्शीला कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं. ऑपरेशन झालं, केस गेले, केस परत आले, आणि आता ती रानात खुरपायलाही जात होती. तिचा विषय निघाला की आण्णा म्हणायचे, माझ्या बोलण्यानं वाचली बघा ती.

तर अशा ह्या आण्णांच्या घरातच, त्यांच्या बायकोच्या, राजेश्वरीबाईंच्या डाव्या टाचेवर मागच्या वर्षी एक काळा ठिपका उठला.

दुखत नव्हता, खुपत नव्हता. आण्णांनी चष्मा चढवून बघितलं आणि निकाल दिला, आत काटा मोडलाय. काट्याला औषध बिब्बा, आणि बिब्बा लावण्यात आण्णांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. बिब्बा सुईला टोचायचा, दिव्यावर धरायचा, काळं तेल सुटलं की चटकन टाचेला टेकवायचं. जास्त टेकला तर कातडी उतते, कमी टेकला तर उपयोग नाही. आण्णांनी तो अगदी बेताचा टेकवला. बिब्ब्याचा डाग काळाच असतो, तो लवकर जात नाही, हे लहान पोरालाही माहीत. म्हणून ठिपका वाढला तेव्हा आण्णा म्हणाले, बिब्बा पसरलाय. त्याच्या कडा वाकड्यातिकड्या झाल्या तेव्हा म्हणाले, दुसऱ्यांदा लावला ना, म्हणून. पुढं जांघेत सुपारीएवढी गाठ आली. राजेश्वरीबाईंनी खाली मान घालून ते सांगितलं, तर आण्णा म्हणाले, "अवधान आलंय. पायाला काय झालं की जांघेत गाठ येतीच. बसंल आपोआप."

राजेश्वरीबाईंनी पुन्हा विचारलं नाही. अख्खा गाव ज्यांना विचारतो, ते घरातच असताना आणखी कुणाला विचारणार?

उन्हाळ्यात त्या मुरुमला लेकीकडं, भैरवीकडं गेल्या, तेव्हा भैरवीला आईच्या चपलेत ओल दिसली. टाच चिघळली होती. तिनं वडिलांना विचारलं नाही, सरळ आईला सोलापूरला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं आणि मग फोन केला. डॉक्टरांनी टाचेचा बारीक तुकडा काढून तपासायला पाठवला होता. उत्तर ऐकायला मायलेकींबरोबर आण्णाही गेले.

डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. मेलानोमा म्हणाले. कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. आपल्याकडं फार दिसत नाही, आणि दिसतो तेव्हा पुष्कळदा तळपायालाच. ज्यांनी ह्याची ऑपरेशनं केलीत अशाच कॅन्सरच्या सर्जनकडं जा, ह्याच आठवड्यात जा.

आण्णांनी घसा खाकरून विचारलं, बिब्ब्यानं झालं का हे?

"बिब्ब्यानं होत नाही," डॉक्टर म्हणाले, "पण बिब्ब्याच्या काळ्यात हे काळं लपून गेलं."

बिब्बा कुणी लावला, हे त्यांनी विचारलंच नाही. आण्णांना वाटलं, विचारलं असतं, चार शब्द सुनावले असते, तर बरं झालं असतं.  भैरवीनंही फक्त आईचा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला.

गावात आल्यावर आण्णांनी सांगितलं, कुरूप काढलंय टाचेचं.

इतकी वर्षं तोंडातून धो धो वाहणारा माणूस एका दिवसात आटला. बाकड्यावर पेशंट यायचे, आण्णा पिशव्यांची थप्पी नीट करत बसायचे. कुणी "वैनी कशा हायत?" म्हटलं, की त्यांना नेमकं गोदामात काम निघायचं. दुकान बंद झालं की मोबाईल घेऊन डॉक्टर शोधायचे. आणि शोधायची तऱ्हा अशी, की बार्शी? नको, तिथं निम्मा लोहारा तालुका भेटंल. सोलापूर? व्हरांड्यात सगळे ओळखीचे. लातूर? पाव्हण्यांचं गाव. पुणं? तिथं तर गल्लोगल्ली माकणीची पोरं कामाला. असं करत करत आण्णा हैदराबादला पोचले. तिथं काळं कुत्रंही ओळखत नव्हतं. दवाखाना कसला, डॉक्टर कोण, टाच टेकत नसलेल्या बाईला तिथवर न्यायचं कसं, हे काही ठरलेलं नव्हतं, पण गाव मात्र पक्कं झालं होतं. डॉक्टरांनी सांगितलेला आठवडा तोवर संपत आला होता.

सकाळी राजेश्वरीबाई पाय पाटावर ठेवून भाजी निवडत होत्या. आण्णांनी हैदराबादचं नाव काढलं. राजेश्वरीबाईंनी मान वर केली नाही.

"एक विचारू का?" त्या म्हणाल्या. "तुमी माझा डॉक्टर शोधायलात, का तुमाला तोंड लपवायला जागा?"

आण्णांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"लक्ष्मीला जाऊन विचारा," त्यांनी गवारीची शीर ओढत सांगितलं. "तिला वाट म्हाईत हाय. मी सोता गेले असते, पण माझी टाच टेकंना."

आता बंडप्पाच्या दारात जायचं म्हणजे ऐन उन्हात जायचं, असं आण्णांनी ठरवलं. त्या वेळी बंडप्पा बाजाराला, लक्ष्मीबाई एकटी, गल्लीत चिटपाखरू नाही. हळूच विचारून यायचं. डोक्यावर उपरणं ओढून ते भिंतीच्या कडेकडेनं गेले, फाटक ढकललं, आणि बघतात तर अंगणात अख्ख्या गल्लीच्या बायका. वाळवणाचे दिवस. मांडवाखाली शेवयांचं मशीन चाललेलं, काठ्यांवर शेवया लोंबत असलेल्या, कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या नाकाला पीठ. सगळ्या एकदम आण्णांकडं बघायला लागल्या.

आण्णा म्हणाले, "सोयाबीनचं बियाणं आलंय. तेवढं सांगायला आलतो."

"घरोघर सांगत हिंडायलाव व्हय आण्णा? तेबी असल्या उन्हात?" एक म्हातारी म्हणाली, आणि बायका पदरात हसल्या. लक्ष्मीबाई हसली नाही. ती पाण्याचा तांब्या घेऊन उठली, तोवर आण्णा मागं वळले होते.

फाटकात बंडप्पा उभा. बाजार लवकर उरकून आला होता, खांद्यावर रिकामी गोणी. आण्णांना बाहेर पडायला वाट नव्हती, आणि बंडप्पा काही बाजूला होत नव्हता. तो नुसता बघत होता.

अर्धं गाव मागं ऐकतंय, हे आण्णांना ठाऊक होतं. मशीनचा दांडासुद्धा थांबला होता. त्यांना वाटलं, आत्ता निघून गेलो तर जाईन हैदराबादला, आणि तोवर टाच काय वाट बघणार आहे? त्यांनी डोक्यावरचं उपरणं काढून हातात घेतलं.

"बंडप्पा," ते म्हणाले, "राजेश्वरीच्या टाचंला कॅन्सर निघालाय. वरीसभर मी त्यावर बिब्बा लावला. मला वाट दाखव."

मागं कुणाच्या तरी हातातली काठी पडली. आण्णा खाली बघत उभे राहिले. आता येणार, ते बैलाचं वाक्य आता येणार, आणि यायलाच पाहिजे. त्यांनी त्याच्यासाठी पाठ ताठ करून ठेवली होती.

बंडप्पानं गोणी दुसऱ्या खांद्यावर घेतली. "उद्या पाटंचं निघू," तो म्हणाला. "वैनीला पुढं बसवू, पाय लांब करता यील. भाकरी बांधून घ्या. आन् हे पांढरे कपडे नका घालू आण्णा, दिवसभर फरशीवर बसावं लागतंय."

बस्स. वाक्य आलंच नाही. आलं असतं तर आण्णांना घरापर्यंत चालणं सोपं गेलं असतं.

आण्णांकडं पांढऱ्याशिवाय दुसरे कपडे नव्हतेच. म्हणून दुसऱ्या दिवशी छोट्या हत्तीच्या पुढच्या सीटवर बंडप्पा, लक्ष्मीबाई आणि तिच्या मांडीवर पाय टाकून राजेश्वरीबाई, आणि मागं कांद्याच्या गोण्यांत पांढरेशुभ्र आण्णा, अशी स्वारी स्टँडवरून निघाली. त्याच हॉटेलासमोरून. हॉटेलातल्या लोकांनी हात वर केले, आण्णांनीही केला, आणि बार्शी येईपर्यंत शर्टावर चिकटलेली कांद्याची टरफलं एक एक करून काढत बसले. पुढून दोघी बायकांचं बोलणं तुटक तुटक ऐकू येत होतं. लक्ष्मीबाई काहीतरी सांगत होती आणि राजेश्वरीबाई चक्क हसत होत्या. ह्या महिन्यात आण्णांनी तो आवाज ऐकलाच नव्हता.

दवाखान्यात लक्ष्मीबाई माहेरी आल्यासारखी वावरली. कुठं नाव सांगायचं, कुठं थांबायचं, कुठल्या सर्जनकडं हे असलं दुखणं जातं, सगळं तिला ठाऊक. आण्णा तिच्या मागं मागं चालत होते. सर्जनबाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी सोलापूरचं सगळं वाचलं, टाच बघितली, मग पडदा ओढून जांघ तपासली. पडद्यामागून राजेश्वरीबाईंचा आवाज आला, "ते अवधान हाय. ह्यांनी सांगितलंय, बसंल म्हणून."

 आण्णांनी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघितलं.

मग सर्जनबाईंनी दोघांना समोर बसवून समजावलं. टाचेचा तो भाग आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढावा लागेल, मांडीची कातडी घेऊन तिथं लावू. गाठीत आजच सुई घालून पेशी तपासू, अंगाचं स्कॅन करू. आजार गाठीत उतरला असेल तर पुढं औषधं द्यायची, ती ठरवताना मुंबईच्या डॉक्टरांचंही मत घेऊ. बरं होईल का, असं आण्णांनी विचारलं. त्या म्हणाल्या, उशीर झालाय. किती झालाय ते तपासल्यावर सांगते. पण आणलंत हे चांगलं केलंत.

सुईच्या खोलीत राजेश्वरीबाईंबरोबर लक्ष्मीबाई गेली. चपला बाहेर काढायच्या होत्या, आणि बाहेर ठेवलेली चप्पल परत मिळेलच असं नव्हतं. राजेश्वरीबाईंनी दारातच एका पायावर तोल सावरत आण्णांकडं बघितलं. आण्णा खाली वाकले. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बायकोची चप्पल त्यांनी कधी हातात धरली नव्हती. डावीचा पट्टा टाचेला लागू नये म्हणून मऊ फडक्यानं गुंडाळला होता. कधी गुंडाळला, कुणाला माहीत. त्यांच्यासमोरच बसून गुंडाळला असणार.

दार लागलं. आण्णा फरशीवर बसले, शेजारी बंडप्पा.

तेवढ्यात व्हरांड्याच्या त्या टोकाकडून एक ओळखीचा माणूस आला. माणिकप्पा, लोहाऱ्याचा, त्याच्या आईला आण्णांनीच मागं लातूरला नेलं होतं. आण्णांना बघून त्याचं तोंड फुललं.

"आज कुणाला आणलं, आण्णा?"

आण्णांचा हात आपोआप पाठीमागं गेला, चपलांसकट. क्षणभर तिथंच राहिला. माणिकप्पा वाट बघत उभा होता. बंडप्पा दुसरीकडं बघत होता, जणू त्यानं काही ऐकलंच नाही.

आण्णांनी हात पुढं घेतला आणि चपला मांडीवर धरल्या.

"मी न्हाय आणलं कुणाला," ते म्हणाले. "बायकोला कॅन्सर हाय माझ्या. आमाला दोघांला बंडप्पानं आणलंय."

 माणिकप्पा तिथंच फरशीवर बसला. बंडप्पानं भाकरीचं फडकं सोडलं, एक भाकर मोडली आणि अर्धी आण्णांपुढं धरली. आण्णांनी ती डाव्या हातानं घेतली, कारण उजव्या हातात चपला होत्या आणि दार अजून उघडलं नव्हतं.