तीन बोटं वर

"मास्तर, खरं सांगा, माझा श्वास चुकला का?"

रायफल टेबलावर ठेवत शिपाईबाईने तिसऱ्यांदा विचारलं. शस्त्रागाराचे मास्तर दुसऱ्याच एका रायफलीच्या नळीत फडका घालत होते. फडका स्वच्छ निघत होता, तरी पुन्हा घालत होते. हाताला काम असलं की तोंडाला सुट्टी मिळते, हा त्यांचा सव्वीस वर्षांचा अनुभव.

"होतं असं कधी कधी," ते म्हणाले.

दोन महिन्यांपूर्वी पोलिसांच्या पागेतला म्हातारा घोडा दगडाच्या खाणीत कोसळला. कणा मोडला. कडा ढासळत असल्यामुळे खाली उतरायची सोय नव्हती. जनावरांच्या डॉक्टरांनी वरूनच नकारार्थी मान हलवली आणि या शिपाईबाईला बोलावणं गेलं. अख्ख्या दलात हिच्यासारखा नेम कुणाचा नव्हता, आणि तो मास्तरांनीच घडवला होता. कडाक्याची थंडी, शंभर पावलांचं अंतर. "काका, एका गोळीत सुटेल तो," असं तिने घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला सांगितलं. गोळी तीन बोटं वर गेली. दुसरी बरोबर बसली, पण मधल्या चार सेकंदांत घोडा जे ओरडला ते खाणीने दोनदा ऐकवलं.

"एका गोळीत म्हणाली होतीस ना गं?" मोतद्दार एवढंच म्हणाला.

मग चौकशी समिती बसली. समितीने दोन वेळा चहा घेतला आणि रायफलीला निर्दोष सोडलं; दोष शिपाईबाईच्या श्वासावर आला. रायफलीच्या बाजूने कागद होता. मास्तरांच्या सहीचा, काचेच्या चौकटीतला निशाणाचा कागद. त्यावर शर्टाच्या एका बटणाखाली झाकतील अशी पाच भोकं. "वा!" अध्यक्ष म्हणाले. "रायफलीबद्दल आणखी काही सांगायचंय, मास्तर?"

"कागद बोलतोच आहे, साहेब."

कागद बोलत नव्हता. मास्तरांनी त्याचं तोंड खळ लावून बंद केलं होतं. रायफलीची चाचणी घेतली त्या दिवशी त्यांनी गोळ्या झाडल्या होत्या सहा. थंड, तेलकट नळीतली पहिली गोळी भलतीकडे जाते. नळी तापली की बाकीच्या शहाण्यासारख्या एका जागी बसतात. हे मास्तरांना पाठ होतं. पहिलीचं भोक ते कागदाच्या तुकड्याने बुजवत, कारण साहेबांना नीटनेटकं आवडे. सरावालाही पहिली गोळी ते स्वतः झाडत आणि मग रायफल तिच्या हातात देत. लाडाने. थंड नळीची गोळी तिने आयुष्यात एकदाच झाडली, ती घोड्यावर.

"उद्यापासून मी आवक-जावक टेबलाला," ती म्हणाली. "रोज सकाळी श्वास मोजत बसते, मास्तर. कुठे चुकला ते कळतच नाही. तुमचं नाव मात्र घालवलं मी. माफ करा."

फडका मास्तरांच्या हातातून सुटला.

त्यांनी भिंतीवरची चौकट उतरवली, काच काढली. ओलं बोट कागदावर घासलं. जुनी खळ हट्टी होती. तुकडा सुटायला वेळ लागला. खालून सहावं भोक निघालं.

तिने त्या भोकापासून खालच्या पाच भोकांपर्यंत बोटं टेकवली. बरोबर तीन बसली.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो."

"समितीसमोरसुद्धा?"

"हो."

मास्तरांनी मान खाली घातली. तिने शिव्या घातल्या असत्या तर त्यांना बरं वाटलं असतं, हे बहुधा तिलाही कळलं; तिने घातल्या नाहीत.

"साहेबांना काय सांगायचं ते तुम्ही बघा," ती दारातून म्हणाली. "आधी मोतद्दारकाकांना सांगा. ते अजून मला बघून रस्ता बदलतात."

मास्तर कागद उघडाच हातात धरून पागेत गेले. मोतद्दार त्या घोड्याचं रिकामं ठाण झाडत होता. दोन महिने तिथे कुठलाही घोडा बांधलेला नव्हता, झाडण्यासारखं काही नव्हतं. मास्तरांनी सगळं सांगितलं. न विचारलेलंही.

"म्हणजे पोरीचा हात चुकला नव्हता?"

"नाही. मी चुकलो."

मोतद्दार बराच वेळ त्या सहाव्या भोकाकडे पाहत राहिला. मग कोपऱ्यातली घोड्याची पाण्याची बादली आणून त्याने पालथी घातली, वरची धूळ पंच्याने पुसली.

"बसा, मास्तर."

मास्तर उभेच राहिले.