घरातलीच डिस्क

रविवारी दुपारी चार वाजता, राळेगावात भारत गजभिये यांच्या घरी त्यांच्या मुलाचा, रोशनचा, गेम सुरू झाला. त्यासाठी त्याच्या बहिणीच्या, प्रियंकाच्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून, पुसून, त्याच्या कॉम्प्युटरला लावली होती.

रोशनच्या जुन्या कॉम्प्युटरला कोणते भाग घ्यायचे, हे प्रियंकानंच सांगितलं होतं. भारतरावांनी ठरवलेल्या रकमेत मधलं ग्राफिक्स कार्ड, भरवशाचा पॉवर सप्लाय आणि नवी वेगवान डिस्क, तिन्ही बसत होती.

रोशन अडून बसला. "माह्या दोस्ताकडं, पियूषकडं, मोठं कार्ड आहे. मले तेच पाह्यजे."

"मग डिस्कले पैसे उरत नाही," प्रियंका म्हणाली. "जुन्या डिस्कवर गेम उघडाले चहा पिऊन होईल तुहा."

"घरात आहे ना एक डिस्क," भारतराव म्हणाले.

"बाबा, त्यात माह्यं काम आहे!"

"बरं, पाहू."

मोठं कार्ड आलं. रविवारी प्रियंका कामासाठी यवतमाळला गेली आणि बापलेकांनी डिस्क काढली. गुरुवारी तिची नागपूरला डिझाइन कॉलेजची मुलाखत होती. तिथे दाखवायची तीन वर्षांची चित्रं त्याच डिस्कवर होती.

सायंकाळी ती परतली. तिच्या टेबलावरचा कॉम्प्युटरचा डबा उघडा होता.

"चित्रंच तं होती," रोशन पुटपुटला. "म्या पुसली."

भारतराव गडबडले. "कॉपी काहून नाही काढून ठेवली बेटा?"

"दुसरी डिस्क मागतली होती ना बाबा. तुम्हीच म्हणाले, पुढच्या वेळी."

भारतरावांची मोठी बहीण सत्यशीला निवृत्त परिचारिका. ती शेजारीच राहते. आवाज ऐकून ती आली, सगळं ऐकून घेतलं.

"भारत, पैसे कमी पडले तं कार्ड लहान घ्याचं होतं. तुम्ही पोरीलेच लहान केलं!"

"ताई, माह्या मनात तसं नव्हतं."

"तेच तं! मनात आलं असतं तं तिले विचारलं असतं, पोरगी भांडली तरी असती. तुम्हाले हे विचारायसारखंही वाटलं नाही. रोशनच्या डिस्कले हात लावाचा असता, तं त्याले न विचारता लावला असता काय?"

भारतराव पहिल्यांदाच म्हणाले, "नसता लावला."

कबुली खरी होती, पण किती उशिरा! रोशननं स्वतः आपल्या कॉम्प्युटरमधून डिस्क काढली. सोमवारी बापलेक दुकानात गेले. उघडलेलं कार्ड दुकानदारानं परत घेतलं नाही. तिथून ते डिस्क घेऊन नागपूरला गेले. पुसलेली माहिती परत काढणाऱ्यानं सांगितलं, "यावर दुसरं लिहिलं गेलं आहे. आशा कमी आहे. काही मिळालं तर फोन करतो."

वाचकहो, आपल्या घरातही काटकसर होते. ती कोणाच्या टेबलावरून सुरू होते, तेवढं एकदा पाहा. मुलीची वस्तू "घरातलीच" आणि मुलाची "त्याची", हा हिशेब आपण कधी उघड बोलत नाही. म्हणूनच तो चुकलेला कोणाला दिसत नाही.

प्रियंका वहीत ती चित्रं आठवतील तशी पुन्हा काढते आहे. आईनं, जयाबाईंनी, रोशनच्या कॉम्प्युटरवर चादर टाकली आहे. ती कोणी काढलेली नाही. मुलाखत उद्या सकाळी आहे. आज, बुधवारी सायंकाळपर्यंत, नागपूरहून फोन आलेला नाही.