साठावा हात

आता ही गोष्ट ऐकताना कोणी मध्येच हसायचं नाही हं, कारण छोटी तेव्हा अजिबात हसत नव्हती.

छोटी म्हणजे चर्चच्या पाळकांच्या वार्षिक परिषदेच्या कचेरीतली टायपिस्ट. वय तेवीस, पण बाबांनी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. बाबा पाळक होते. गेल्या वर्षी परिषदेच्या शेवटच्या दिवशी बिशपनी नेमणुकांची यादी वाचली, सगळे आपापल्या घरी पांगले, आणि संध्याकाळी बाबा खुर्चीत बसल्या बसल्याच गेले.

आणि या परिषदेचा एक नियम आहे बरं का. पाळक वारला म्हणून त्याचं नाव लगेच पटावरून जात नाही. पुढच्या परिषदेत घरच्यांनी लिहिलेलं चरित्र भर सभेत वाचायचं, सगळ्यांनी उभं राहायचं, मग चिटणीस नावावर रेघ मारणार. तोवर नाव पटावर. ते चरित्र लिहायचं होतं छोटीनं. साऱ्या दुनियेचे ठराव खटाखट टाइप करणारी ही पोरगी, पण 'बाबांचा जन्म' एवढं लिहिलं की बोटं थिजायची.

"छोटे, झालं का गं?" चिटणीसकाका विचारायचे.

"उद्या देते, काका."

उद्या-उद्या करता करता परिषद येऊन ठेपली.

सकाळी हजेरी. चिटणीसकाका पट एका सुरात वाचतात, झोपेत वाचल्यासारखे. सतरावं नाव बाबांचं. वाचून गेले आणि मग जीभ चावली. पण तेवढ्यात चौथ्या रांगेतून कोणीतरी दोनदा घसा खाकरला आणि म्हणालं, "हजर."

छोटीच्या अंगावर सर्रकन काटा आला. दोनदा खाकरणं! जेवायला बसतानासुद्धा बाबा आधी दोनदा खाकरायचे, आई म्हणायची, "या, भाषण सुरू करा." चौथ्या रांगेत सहा खुर्च्या. पाच भरलेल्या, कडेची रिकामी. चिटणीसकाकांच्या हातानं सवयीनं खूण केली आणि ते घाईघाईनं अठराव्या नावावर गेले.

दुपारी ठराव आला, नदीकाठची मंडळी, म्हणजे तिथलं छोटं चर्च, बंद करावी. माणसं उरलीत बावीस, छप्पर गळतंय. बाबा तिथं अकरा वर्षं पाळक होते. छोटी त्याच देवळातल्या बाकांना धरून चालायला शिकली होती, आई अजून तिथं गाणी शिकवत होती. छोटीला मत नाही, पण वर झालेले हात मोजायचं काम तिचंच.

बाजूनं तीस.

विरोधात. ती मोजत मोजत चौथ्या रांगेशी आली. रांग सगळी विरोधात, माणसं पाच, आणि बोट मात्र सहावर जाऊन थांबलं. डोळ्याच्या कोपऱ्यात एक काळी बाही, मनगटाशी तपकिरी दोऱ्यानं रफू केलेली. काळा दोरा संपला म्हणून आईनं तपकिरी वापरला होता. सरळ बघितलं तर कोणीच नाही.

"तीस," छोटी म्हणाली. म्हणजे समसमान. म्हणजे ठराव पडला!

परिषदेचे जिल्हा अधीक्षक ताडकन उठले. "साठ कसे? मी जेवणाची कुपनं एकोणसाठच वाटलीत! अहो, छोटीचे बाबा गेले की गेल्या वर्षी!"

बिशप म्हणजे नियमाचं चालतंबोलतं पुस्तक. "चरित्र वाचलं? सभा उभी राहिली? नाही ना? मग पटावर ते आहेत, आणि हजेरीला खूण आहे. पुढं चला."

छोटी त्या रात्री आनंदानं झोपलीच नाही. मंडळी वाचली! चरित्र लिहायचंच नाही, म्हणजे दरवर्षी बाबा येणार, हजर म्हणणार. काय वाईट आहे?

दुसऱ्या दिवशी शेवटची बैठक, नेमणुका. आई छोटीच्या पाठीमागच्या बाकावर येऊन बसली होती. आता पटावरच्या प्रत्येक पाळकाला नेमणूक द्यावीच लागते, आणि ती ऐकून त्यानं 'मान्य' म्हणायचं असतं. बिशपनी वाचलं, "नदीकाठची मंडळी," आणि पुढं बाबांचं नाव.

दोनदा खाकरणं. मग, "मान्य." असा थकलेला आवाज, जसा कोणी जिना चढून वर आलाय आणि त्याला अजून एक जिना दाखवलाय.

आईनं छोटीचा दंड घट्ट धरला. "पुन्हा पाठवलं त्यांना? अगं, पाय सुजायचे त्यांचे. म्हणायचे, एकदा नावावर रेघ पडली की मनसोक्त झोपेन." मग हळूच, "झोपू दे ना गं त्यांना."

छोटी उठली. चिटणीसकाका कुजबुजले, "वेडे, आत्ता वाचलंस तर कालचं मत बाद. मंडळी जाईल."

"माहितेय, काका."

हातातल्या कागदावर दोनच शब्द होते. ती तशीच बोलली. "बाबा अकरा वर्षं नदीकाठी होते. घंटेची दोरी तुटली तर बुटाची नाडी बांधून घंटा वाजवायचे. बदलीला कधी नाही म्हणाले नाहीत. दमायचे, पण सांगायचे नाहीत." तिनं कागदाची घडी घातली. "आता त्यांना कुठंही पाठवू नका."

सभा उभी राहिली. सगळ्या खुर्च्या एकदम करकरल्या, आणि सगळं शांत झाल्यावर, एक खुर्ची सावकाश, एकटीच. चिटणीसकाकांनी रेघ मारली.

मग बिशप खालच्या आवाजात म्हणाले, "कालचा ठराव पुन्हा मताला टाकतो."

बाजूनं तीस.

विरोधात. छोटी चौथ्या रांगेशी आली. पाच माणसं, पाच हात. तिनं कडेच्या खुर्चीकडं डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं, मग सरळ बघितलं, मग पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

पाचच.