सोनबाबुवांची कॅसेट

या माउलींनो, जरा जवळ सरका, इंदापुरातल्या एका गोड गळ्याची गोष्ट सांगते.

अठ्ठ्याण्णव साली सोनबाबुवा कीर्तनकार गेले. त्यांच्या आवाजाची एकच कॅसेट मागं उरली, आणि तिलाही बुरशी लागत चालली होती. ती कॉम्प्युटरात उतरवून ठेवावी म्हणून त्यांच्या लेकीनं, रोहिणीनं, बारामतीहून साउंड कार्ड आणलं. पण कार्ड बसवलं की मशीन सुरू होता होता निळा पडदा दाखवून बंद पडे; काढलं की बिनतक्रार चाले.

शेवटी तिनं कार्ड उजेडात धरलं. खाचेत बसणाऱ्या खालच्या सोनेरी दातांत लाल कुंकू भरलं होतं.

“आई, ह्याला कुंकू तू लावलंस?”

“व्हय, नव्या ट्रॅक्टरला लावतो तसं. तेलात कालवलं, झडू नये म्हणून,” सिंधुबाई कौतुकानं म्हणाल्या. “का गं, चुकलं व्हय?”

रोहिणीनं दात पुसले, खोडरबरानं घासले, कार्ड दुसऱ्या खाचेत बसवलं. पुन्हा निळा पडदा. दुसरं कार्ड कधी येईल, हे दुकानदारालाही सांगता येईना.

आपल्या कुंकवानंच कार्ड गेलं, हे सिंधुबाईंना उमगलं. कॅसेट पदराखाली धरून त्या म्हणाल्या, “मग आता ह्यांना कुठं ठेवू गं?”



माउलींनो, तो आवाज मला तुम्हांला ऐकवता येत नाही. हरिनाम घ्याल तेव्हा सोनबाबुवांची तेवढी आठवण ठेवा.