बिनदाण्याची पचडी

फकिरा कच्चं खाणारा माणूस. चाळीस वर्षं कन्नडच्या डोंगरात मेंढरांमागं हिंडला तो बुक्कीनं फोडलेल्या कांद्यावर आणि खिशातल्या शेंगांवर. वाटेतल्या मळ्यात टोमॅटो लागलेला असला की मळेकरीच हाक मारायचा, "घे रं बाबा दोन." ताटात काहीतरी करकरीत नसलं तर त्याला जेवल्यासारखं वाटत नसे. आता मेंढरं विकून तो आणि साळूबाई हर्सूलला लेकाकडं राहायला आले होते, आणि आल्या वर्षीच फकिराच्या किडन्या थकल्याचं कळलं. दवाखान्यात आहाराचं बघणाऱ्या करुणा मॅडम कागद वाचायला लागल्या, तसा त्याचा चेहरा ओळीओळीला उतरत गेला.

टोमॅटो नको. बटाटा नको. केळं, नारळपाणी, खोबरं नको. पालक नको, शेवगा नको. शेंगदाणे तर मुळीच नकोत.

"मंग राहिलं काय?" फकिरा म्हणाला. "हवा?"

"हवा पोटभर खा, काका," मॅडम हसल्या. मग साळूबाईकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, काकांच्या रक्तात पोटॅशियम वाढलंय. ते भाजीपाल्यात असतं. चांगली किडनी जास्तीचं बाहेर टाकते, काकांची टाकत नाही. ते फार वाढलं की हृदय बंद पडू शकतं. आत्ता पाच पॉइंट आठ आहे. औषध चालू केलंय, पंधरा दिवसांनी परत तपासू. सहाच्या वर गेलं तर भरती करून, मानेत नळी घालून रक्त धुवावं लागेल, असं डॉक्टर म्हणालेत."

फकिरानं मानेवरून हात फिरवला. "म्या मशिनीला बांधून घेणार नाय. आधीच सांगतो."

साळूबाईनं त्याच्याकडं पाहिलंच नाही. तिला एकच विचारायचं होतं. "कच्चं कायच चालत नाय का, मॅडम? त्याच्याबिगर ह्यांच्या घशाखाली घास उतरत नाय."

दाराशी दहा माणसं खोळंबली होती. तरी मॅडमनी कागद उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर लिहीत लिहीत मोठ्यानं वाचलं. साल काढलेली काकडी. कोबी. कांदा. थोडी ढोबळी मिरची. कधी सफरचंदाची फोड. लिंबाचे चार थेंब. रोज एक वाटी, त्याहून जास्त नाही. कोबी, गाजर बारीक चिरून भरपूर कोमट पाण्यात दोन तास ठेवायचं, ते पाणी फेकून द्यायचं, मग परत धुऊन, पिळून घ्यायचं. पाण्यात बरंच पोटॅशियम उतरतं. ज्वारी जरा कमी, एक भाकरी तांदळाची करा. "आणि दाण्याची चव फोडणीत शोधा, मावशी."

साळूबाईला वाचता येत नव्हतं. पण जात्यावरच्या शंभर ओव्या तिच्या तोंडी होत्या. ही एकशेएकावी म्हणून तिनं पाठ केली.

दाण्याच्या कुटाविना पचडी म्हणजे तिच्या लेखी हळदीविना नवरी. पहिल्या दिवशी तिनं घाबरत घाबरत नुसता कोबी, काकडी आणि लिंबू असं कालवून पुढं ठेवलं. फकिरानं घास घेतला, चावला, आणि वाटीकडं बघत राहिला.

"हे मेंढरानं बी हुंगून सोडलं असतं."

"मेंढराला फोडणी कुठं कळती. उद्या बगा."

दुसऱ्या दिवशी तिनं मोहरी तडतडेपर्यंत दम धरला. जिरं, हिंग, कढीपत्त्याची पानं, एका हिरव्या मिरचीचे चार तुकडे. कोबी असा चिरला की पान पानाला ओळखेना. पिळून मोकळा केल्यावर त्यात काकडी, कांदा, मीठ बोटाच्या टोकावर मावेल एवढंच, आणि साखरेची चिमूट. वरून गरम फोडणी चर्र करून ओतली. तिसऱ्या दिवशी तिला मुरमुरे सुचले. बिनमिठाचे मुरमुरे तव्यावर कोरडे भाजून तिनं अगदी वाढायच्या वेळी वर पेरले. फकिरानं घास घेतला आणि दाताखाली करकर वाजलं. त्यानं वाटी बोटानं पुसून खाल्ली. सून तनुजा कामावर निघता निघता दारात थांबली. "आत्या, मामांनी वाटी घासायचं काम ठेवलं नाय की."

कोबी चिरताना साळूबाईच्या ओठांवर आपोआप शब्द यायला लागले,

*कोबीची गं बाई पानं, पानात पान दडं,*
*धन्याच्या ताटामंदी माझा जीव येऊन पडं.*

पंधरा दिवसांनी रक्त तपासलं. पाच पॉइंट नऊ.

डॉक्टर काही रागावले नाहीत, पण चष्मा काढून म्हणाले, "बाहेरचं काही खाल्लं का, बाबा? आठ दिवसांनी शेवटचं बघतो." परतताना रिक्षात दोघं दोन कडांना तोंडं करून बसली. घरात आल्याबरोबर साळूबाईनं खुंटीवरची बंडी उतरवली आणि खिसे उलटे केले. मग उशी झटकली. मग अंथरुणाची घडी उलगडली.

"काय हुडकतीस?"

"शेंगा."

"म्या खाल्ल्या नायत."

"मंग रक्तात ते काय पाहुणं म्हून आलं?"

फकिरानं उलगडलेलं अंथरूण परत घडी करून ठेवलं. रानात मेंढरू हरवलं तरी हा माणूस आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. संध्याकाळी वाटी पुढं आली तेव्हा त्यानं ती दोन बोटांनी मागं सरकवली. "चोराला पचडी कशाला?" दुसऱ्या दिवशीही तेच. भाकरीचा चतकोर पाण्याबरोबर गिळून तो भिंतीकडं तोंड करून पडला. पाठीची हाडं बंडीतून मोजता यायला लागली होती.

तिसऱ्या दिवशी साळूबाई एकटीच दवाखान्यात गेली. मॅडमसमोर बसली आणि पदर तोंडाला लावून म्हणाली, "ते चोरून खात्यात, मॅडम. म्या कुटं कुटं लक्ष ठिवू?"

मॅडमनी पेन बाजूला ठेवलं. "मावशी, काल सकाळी उठल्यापासून सांगा. काय चिरलं, काय शिजवलं. काही सोडू नका."

साळूबाईनं सांगितलं. कोबी अर्धा गड्डा चिरला. मोठ्या पातेल्यात कोमट पाणी घेतलं. दोन तास ठेवला. चाळणीवर निथळला.

"आणि ते पाणी?"

"कोणतं?"

"कोबी भिजवलेलं."

"त्याची उकड केली. तांदळाच्या भाकरीला." साळूबाईला प्रश्नच कळला नव्हता. "उरलं ते वरणात घातलं. चांगलं सोच्छ पाणी असतं, मॅडम. गाजराचं तर लई गोड लागतं."

"मावशी, मी ते फेकायला सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. साळूबाईच्या कानांनी ऐकलं होतं, पाठही केलं होतं. पण हातांना ते कधी पोचलंच नव्हतं. नवी नवरी असताना तिनं डोक्यावर दोन हंडे घेऊन दीड कोस चढण चढलेली. इथं हर्सूलला नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवसांनी पाणी, तेही आलं तर. दारात निळे ड्रम भरून झाकून ठेवायचे, तांदूळ धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं अंगणाला. पातेलंभर स्वच्छ पाणी मोरीत ओतणारी बाई तिनं आजवर पाहिली नव्हती.

"पोटॅशियम कोबीतून निघालं ते पाण्यात गेलं," मॅडम सावकाश म्हणाल्या, "आणि पाण्यातून भाकरीत. काकांनी काही चोरलेलं नाही."

साळूबाईनं आपल्या तळव्यांकडं पाहिलं. "म्हंजे म्याच घातलं. माझ्या हातानं."

"तुमच्या हातानंच कमी पण होईल. असं मला वाटतं." मॅडम उठून तिच्याशेजारी येऊन बसल्या. "चूक माझीपण आहे. पाण्याचं काय करता, हे मी विचारायला पाहिजे होतं. फेकवत नसेल तर झाडाला घाला. झाडाला ते आवडतं."

घरी फकिरा तसाच भिंतीकडं तोंड करून पडला होता. साळूबाई उंबऱ्याशी टेकली आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. तो उठून बसला. त्याला ते नीट लावायला वेळ लागला.

"म्हंजे म्या शेंगा न खाताच चोर."

"व्हय."

"आन् चोर चुलीपाशी."

"व्हय म्हणते ना."

"तीन दिस उपाशी ठिवलंस मला."

"तुमीच रुसलात. पायावर डोकं ठिवू का आता?"

"डोकं र्‍हाऊ दे," फकिरा म्हणाला. "वाटी आण."

तेव्हापासून भिजवलेलं पाणी त्याच्या ताब्यात गेलं. निथळून झालं की तो बादली उचलायचा आणि गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी लावून विसरलेल्या लिंबाच्या रोपाला घालून यायचा. पहिल्या दिवशी साळूबाईला ते पाणी जाताना बघवेना. ती आत गेली आणि ताज्या पाण्याची उकड काढली. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या दिवशी रक्त दिलं. पाच पॉइंट तीन. पुढच्या पंधरवड्यात चार पॉइंट नऊ. डॉक्टर म्हणाले, नळीचं आता नको, असंच चालू ठेवा.

साळूबाईनं पिशवीतून डबा आणि मुरमुऱ्यांची पुडी काढून करुणा मॅडमच्या टेबलावर ठेवला. दुसरं द्यायला तिच्याजवळ काही नव्हतं. मॅडमनी तिथंच झाकण उघडलं, पुडीतले मुरमुरे वर पेरले आणि हातानंच खाल्लं. "ह्यात दाणे नाहीत, खरंच?"

"नाय ओ. तुमची फोडणी."

"तुमची, मावशी."

साळूबाईनं दोन्ही हात मॅडमच्या गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. तिला आभार मानायचे शब्द येत नव्हते. तिच्या घराण्यात ते कुणाला लागलेच नव्हते. बोटं मात्र सगळीच्या सगळी वाजली.

त्या दिवशी घरी येऊन तिनं फकिराला वाढलं आणि नेहमीसारखी बाजूला सरली. तो जेवेना.

"बस इथं. तुझं ताट घे."

"तुमचं होऊ द्या."

"बस म्हणतो ना." त्यानं स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक दिली, "तनुजा, ते आण गं."

तनुजा हसत बाहेर आली. तिच्या हातात लसूण घालून कुटलेली शेंगदाण्याची लालबुंद चटणी होती, वर तेलाची धार. तिनं ती साळूबाईच्या ताटात वाढली. साळूबाईनं पटकन हात आडवा केला. "मला नको. मला आवडत नाय आता."

"सव्वा महिना झाला, बगतो म्या," फकिरा म्हणाला. "दाणा तोंडात टाकला नायस. टमाटं बी नाय. मला दवाखान्यानं सांगितलं, तुला कुणी सांगितलं होतं?"

साळूबाईनं आडवा धरलेला हात मागं घेतला.

"खा," तो म्हणाला. "माझ्याम्होरं खा. मला काय हुत नाय."

तिनं भाकरीचा तुकडा मोडला, चटणीत बुडवला आणि तोंडात घातला. तिखटानं की कशानं, डोळ्यांत पाणी आलं. फकिरानं आपली वाटी जवळ ओढली, मुरमुरे मऊ पडायच्या आत पहिला घास घेतला, आणि दोघं शेजारी बसून जेवायला लागली.