दारावरचे दोन ठोके

मित्रांनो, मी एक जुना दिवा आहे. परंतु उजेड देणे हे माझे काम कधीच नव्हते. माझे काम होते माणसांना गप्प बसवणे. मी लागलो की बोलणारा अर्ध्या शब्दावर थांबे, चालणारा उचललेले पाऊल हलकेच टेकवी आणि खोकला आलेला मनुष्य तोंडावर रुमाल दाबून लालेलाल होई. या अधिकाराचा मला फार अभिमान होता. तो अभिमान कसा गळून पडला, हे तुम्हांला सांगावे म्हणून आज बोलतो आहे.

माझी लाल काच एका वृद्ध कारागिराने तोंडाने फुंकून घडवली. त्याच्या श्वासाचा एक बुडबुडा माझ्या उजव्या कडेला अजून अडकलेला आहे. पत्र्याच्या पेटीत बसवल्यावर मला एका रंगाऱ्याकडे नेण्यात आले. तो चित्रपटांच्या जाहिरातींसाठी नटनट्यांचे दहा-दहा हात उंचीचे चेहरे रंगवीत असे. त्या दिवशी एका विख्यात नायिकेच्या दातांसाठी कालवलेला पांढरा रंग त्याच्याकडे उरला होता. त्याच रंगाने त्याने माझ्या कपाळावर सुबक अक्षरांत लिहिले, ‘शांतता’. अशा रीतीने एका सुंदर हास्याचा उरलेला अंश माझ्या वाट्याला आला.

मला एका ध्वनिमुद्रणशाळेच्या दारावर लावण्यात आले. हिंदी चित्रपटगीतांचे ते वैभवाचे दिवस होते. दालनात गायिका, तीस वादक आणि मागे कोरस गाणाऱ्या मुली असा सगळा मेळा एकाच वेळी, एकाच दमात गाणे साकार करी. एकाचे चुकले तर सर्वांना पुन्हा पहिल्यापासून आरंभ करावा लागे. बाहेरचा कणभरही आवाज आत शिरू नये म्हणून त्या दालनाला खिडकी नव्हती. दार एकच होते, आणि तेही आतल्या बाजूने काथ्या भरून गादीसारखे जाड केलेले; बाहेरून मात्र नुसते लाकूड. आत काचेमागे बसलेला ध्वनिमुद्रक कळ दाबी आणि बाहेर मी पेटे.

दारापुढे लांब ओसरी होती. तिच्या एका टोकाला अंगणात जाण्याचा मार्ग होता आणि दुसऱ्या टोकाला फिल्मचे कोठार. त्या काळची फिल्म मोठी ज्वालाग्राही वस्तू होती. ती उन्हाने तापली की आपोआप पेट घेई आणि एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राही. म्हणून कोठाराला लोखंडी शटर बसवले होते. मात्र त्या शटरची कडी मोडलेली होती. हाताने दाबून धरल्याशिवाय ते खाली राहत नसे. सोडले की खडखडत वर जाई.

ही गोष्ट दरवानकाकांनी व्यवस्थापकांना तीन वेळा सांगितलेली मी स्वतः ऐकली आहे.

“साहेब, ती कडी बदलायला हवी. उन्हाळा आलाय.”

“बघू,” व्यवस्थापक म्हणत. तिन्ही वेळा तोच एक शब्द.

दरवानकाका माझ्याखाली एका बाकावर बसत. त्यांचे केस पिकलेले होते आणि कान अतिशय तयार होते. जाड दारातून झिरपणारे गाणे ते सकाळपासून ऐकत आणि दुपारपर्यंत त्यांच्या बोटांना त्याचा ठेका पाठ होई. मग ते बाकावर हलकेच ताल धरीत. घरी गेल्यावरही ते दारावर नुसती थाप देत नसत; त्या दिवशीच्या गाण्याच्या समेवर बोटांच्या सांध्यांनी दोन ठोके देत. त्यांची मुलगी आतून ओरडे, “आले ताल धरून!” आणि मग दार उघडे.

ही मुलगी आतल्या कोरसमध्ये गात असे. तिचा आवाज बारीक आणि टोकदार होता, म्हणून संगीतकारांनी तिचे नाव टाचणी ठेवले होते. संगीतकारांना सगळे मास्तर म्हणत. “टाचणे, मागे हो,” मास्तर म्हणत. “अजून मागे. मायक्रोफोनला टोचतेस.” मागे सरता सरता ती इतकी मागे पोहोचली की तिची पाठ दाराला टेकली. पुढे तीच तिची कायमची जागा झाली. दाराच्या अलीकडे बाप आणि पलीकडे लेक, अशी त्यांची नोकरी चाले.

मित्रांनो, माझ्यासमोर थोरामोठ्यांची मिजास चालत नसे. ज्यांच्या नुसत्या दर्शनासाठी चित्रपटगृहाबाहेर गर्दी लोटे, ते नायकही मी पेटलेला दिसला की मुकाट बाकावर बसत. एकदा एक नायक दरवानकाकांना हसत म्हणाला, “दादा, मला लाखो लोक ओळखतात.”

“ओळखतात ना साहेब,” काका म्हणाले. “पण आत एकच मायक्रोफोन आहे आणि तो कुणालाच ओळखत नाही. बसा.”

तो बसला. एवढेच नव्हे, तर पडद्यावर ज्या गाण्यावर तो ओठ हलवणार होता, ते गाणे प्रत्यक्षात गाणाऱ्याची त्याने अर्धा तास वाट पाहिली. त्या दिवशी मला वाटले, या जगात माझ्याहून मोठा कोणी नाही. अशा समजुतीच्या पाठोपाठ काय येते, ते मला तेव्हा ठाऊक नव्हते.

पुढे एक दिवस दरवानकाकांकडून चूक झाली. एका वादकाच्या घरून तातडीचा निरोप आला आणि काकांनी मी पेटलेला असताना दार बोटभर उघडले. दाराची बिजागरी कुरकुरली. नवव्या प्रयत्नात जमत आलेले गाणे वाया गेले. मास्तर बाहेर आले. ते मोठ्याने बोलले नाहीत, आणि त्यामुळेच ते बोलणे अधिक झोंबले.

“पुन्हा लाल दिव्याखाली हे दार उघडलं, तर उद्यापासून तुम्ही घरी. आणि तुमची टाचणीसुद्धा.”

काकांनी मान खाली घातली. त्या क्षणापासून ते माझ्याकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. पूर्वी मी त्यांचा सोबती होतो. आता ते मला भिऊ लागले. आणि मला, सांगावयास लाज वाटते, ते आवडले.

त्यानंतर दोन महिन्यांनी ती दुपार आली. उन्हाने ओसरीची फरशी चटके देत होती. आत सकाळपासून एकच विरहगीत चालले होते. अकरा वेळा ते झाले आणि अकरा वेळा मास्तरांनी नापसंत केले. दरवानकाकांच्या बोटांना त्याची प्रत्येक मात्रा पाठ झाली होती. शेवटच्या कडव्यात गायिका एका ओळीनंतर श्वास घेई आणि तेथे अगदी लहानशी पोकळी राही. बाकावर बसलेले काका ती पोकळी प्रत्येक वेळी दोन बोटांनी भरीत.

बाराव्या वेळी मी पेटलो. गाणे सुरू झाले. पहिले कडवे संपत आले तेव्हा एक गोडसर, उग्र वास आला. काका उठून उभे राहिले. ओसरीच्या टोकाला, कोठाराच्या उघड्या शटरखालून, पिवळट तपकिरी धूर जमिनीलगत सरपटत येत होता. त्याला मुळीच घाई नव्हती.

काका झटकन दाराकडे वळले आणि त्यांनी दाराच्या कडीवर हात ठेवला. मग त्यांनी वर, माझ्याकडे पाहिले.

मी जळत होतो. विझणे माझ्या हाती नव्हते. माझी कळ आत होती. माझ्या कपाळावरचा तो एक शब्दही पुसणे मला शक्य नव्हते. काकांचा हात कडीवरून निघाला आणि त्यांनी मूठ वळली. आत शेवटचे कडवे चालू होते. त्यांनी दारावर ठोके दिले. दोन.

मित्रांनो, आता नीट ऐका. मनुष्य भेदरलेला असला तरी त्याच्या हाताची सवय भेदरत नाही. ते दोन्ही ठोके नेमके त्या पोकळीत पडले, जेथे गायिका श्वास घेत होती. समेच्या एक मात्रा आधी आणि समेवर. इतके अचूक, की आत कोणालाही ती हाक वाटली नाही. सगळ्यांना वाटले, तबलजीने आज काही नवे सुचवले. गाणे पुढे चालू राहिले, आणि सकाळपासून गायले नव्हते इतके सुंदर गायले गेले.

तिसऱ्या ठोक्यासाठी काकांनी मूठ उचलली आणि पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिले. मूठ हवेतच राहिली. तेवढ्यात कोठारात काहीतरी फुटल्यासारखा आवाज झाला आणि शटरखालून ज्वाळेची जीभ बाहेर आली. काका तिकडे धावले. त्यांनी ते तापलेले शटर दोन्ही हातांनी खाली ओढले आणि अंगाचा सगळा भार टाकून दाबून धरले. कडी मोडकी होती. सोडले असते तर ते वर गेले असते.

मी विझलो तेव्हा शटर अजून खालीच होते. दार उघडले. मास्तर आधी बाहेर आले. कितीतरी महिन्यांनी ते हसत होते. “कुणी दिला तो ठोका?” ते विचारत होते. “सांगा तरी, कुणाला सुचला?” मग त्यांना कोठाराचे टोक गिळून टाकणारा धूर दिसला.

चाळीसएक माणसे त्या ओसरीतून अंगणात सुखरूप पोहोचली. ध्वनिमुद्रकाने गाण्याची गुंडाळी सदऱ्याखाली धरून आणली होती. अंगणात टाचणी प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत एकच विचारत होती, “बाबा कुठायत?” उत्तर शटरपाशी मिळाले, तोपर्यंत ऊन उतरले होते.

ते गाणे अतोनात गाजले. वर्तमानपत्रांनी लिहिले की त्या दोन ठोक्यांत विरहाचे सारे मर्म साठले आहे. मास्तरांचे सत्कार झाले. प्रत्येक सत्कारात ते म्हणत, “ते ठोके माझे नाहीत.” लोक म्हणत, केवढा हा विनय. मास्तर आणखी काही बोलत नसत. पुढच्या एकाही गाण्यात त्यांनी श्वासासाठी तशी पोकळी ठेवली नाही.

मी मात्र काजळून भंगारात गेलो. गोणपाटाखाली, तुटक्या पंख्यांच्या आणि इस्त्र्यांच्या संगतीत मी किती वर्षे काढली, याची मला गणना नाही. कोळ्यांनी माझ्यात संसार थाटले. कोणी मला पुसले नाही. मी त्याबद्दल रुसलोही नाही. ज्याने एकदा नको तेथे आज्ञा पाळून घेतली, त्याने अंधारात पडून राहणे योग्यच होते.

परंतु मला बाहेर काढण्यात आले. जुन्या गाण्यांचे कार्यक्रम करणाऱ्या एका मंडळाला सभागृहासाठी जुन्या वस्तू हव्या होत्या. त्यांनी मला घासूनपुसून दारावर लावले, नवी बारीक तार जोडली आणि कार्यक्रमभर मला पेटते ठेवू लागले, केवळ शोभेसाठी. येथे दोनशे खुर्च्या मावतात. या सभागृहालाही खिडकी नाही. दुसरे एक दार आहे, पण जास्तीच्या खुर्च्या त्याच्यासमोर छतापर्यंत रचलेल्या असतात. आणि ते गाणे आले की एक गंमत ठरलेली असते. त्या पोकळीत सगळे प्रेक्षक मिळून आपापल्या खुर्चीच्या हातावर दोन ठोके देतात आणि हसतात.

गेल्या महिन्यात येथे एक वृद्ध स्त्री पाहुणी म्हणून आली. ती आत शिरताना माझ्याखाली थांबली. तिने माझ्या कडेचा बुडबुडा पाहिला, कपाळावरचा शब्द पाहिला आणि ती किंचित मागे सरली, जणू कोणी तिला अजून मागे सरायला सांगितले होते. मी टाचणीला ओळखले.

व्यासपीठावर ती फार थोडे बोलली. “ते दोन ठोके माझ्या वडिलांचे आहेत,” ती म्हणाली. “ते माझ्या पाठीत वाजले. दार माझ्या पाठीलाच होतं, कडी हाताशी होती. मला वाटलं, बाबा आज बाहेरून साथ देतायत. मी हसले, आणि गात राहिले.”

तिने आयोजकाकडे वळून विचारले, “ते दुसरं दार खुर्च्यांनी का बंद केलंय?”

“मावशी, आज गर्दी आहे हो. बघू नंतर.”

तो शब्द ऐकताच ती माघारी वळली. मग तिने आपली खुर्ची स्वतः उचलली, माझ्याखाली आणली, दार सताड उघडले आणि खुर्ची नेमकी उंबऱ्यावर मांडली.

“मावशी, आवाज बाहेर जाईल,” आयोजक कुजबुजला.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “बाहेरचाही आत येऊ दे.”

गाणे सुरू झाले. शेवटच्या कडव्यात गायिकेने श्वास घेतला आणि जुन्या सवयीने दोनशे हात खुर्च्यांवर पडले. कोणी हसले नाही. टाचणीने हात उचलला नाही. तिने फक्त मान वळवून बाहेरच्या मोकळ्या वाटेकडे पाहिले आणि गाणे संपेपर्यंत ती तिकडेच पाहत राहिली.

मित्रांनो, नियम पाळा, शांतता राखा. मी त्याच्या विरुद्ध कसा असेन? पण माझ्यासारखा दिवा कोठेही पेटलेला दिसला आणि त्याच वेळी दारावर कोणी थाप दिली, तर आधी दार उघडा. गाणे पुन्हा म्हणता येते. मोडलेली कडी दिसली तर ती दिसल्या दिवशीच बदला, आणि जो मोठा मनुष्य ‘बघू’ म्हणेल, त्याला चौथ्यांदाही सांगा.

आज पुन्हा कार्यक्रम आहे. टाचणीला या वेळी बोलावलेले नाही. दार नुकतेच लावून घेतले आहे. खुर्च्या दुसऱ्या दारासमोर तशाच रचलेल्या आहेत. माझी बारीक तार तापली आहे आणि तिच्या वेष्टनाला एक गोडसर वास सुटला आहे. गाणे सुरू झाले आहे. ते दोन ठोके कोठे येतात, हे आतल्या दोनशेही माणसांना तोंडपाठ आहे.