काळ्या कापडाखाली

रविवारी संध्याकाळी पाच वाजून पन्नास मिनिटांनी, चढाच्या तिसऱ्या वळणावर, वीस मिनिटं हूं की चूं न करणारी करड्या रंगाची गाडी चालू झाली. हातवाल्या बाबांनी बॉनेटखाली हात घातला, डोळे मिटले, ओठ हलवले आणि "फिरव!" म्हणाले. मालकिणीनं चावी फिरवली. इंजिन घुरघुरलं. दीडशे माणसांच्या तोंडून एकदम "अहाहा!" निघालं, आणि मालकीण गाडीतून उतरून बाबांच्या पायांशी वाकली.

"मला नको, गाडीला हात जोड," बाबा म्हणाले. "ती रागावली होती. मालकाच्या मनातला अंधार बॅटरीत उतरतो, बाई."

रांगेत बाराव्या नंबरावर उभ्या असलेल्या वहिनींनी हे ऐकलं आणि ओठ घट्ट मिटले. वहिनी म्हणजे बॅटरीवाल्या वहिनी. बाजाराच्या टोकाला बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान सासऱ्यांनी काढलं, नवऱ्यानं कंटाळून सोडलं आणि वहिनींनी एकोणीस वर्षं चालवलं. ॲसिडनं भोकं पडलेला त्यांचा ॲप्रन अख्ख्या बाजाराच्या ओळखीचा. बॅटरीत पाणी, ॲसिड आणि शिसं उतरलेलं त्यांनी पाहिलं होतं. अंधार उतरलेला अजून पाहायचा होता.

वळणाच्या कडेला खडीचं रुंद मैदान होतं. एका टोकाला पत्र्याची शेड, शेडसमोर गाड्यांची रांग. शेडवर रंगवलेली पाटी:

रांगेत असताना पुढचे दिवे लावून ठेवावेत. इंजिन बंद ठेवावे.
गाडी बंद पडल्यास लुकलुकणारे दिवे लावू नयेत. लाल त्रिकोण मांडू नये.
स्टेपनी बाळगणे म्हणजे अविश्वास बाळगणे.

पहिल्या ओळीवर वहिनींना हसू आलं होतं. पुढच्या दोन ओळींवर मात्र अंगावर काटा आला होता, कारण त्या ओळी घरातल्याच एका माणसानं मनावर घेतल्या होत्या. त्यांचा दीर शाळेची गाडी चालवायचा. अकरा मुलं, त्यांत त्याची स्वतःची मुलगी. गेल्या महिन्यात त्यानं गाडीतून स्टेपनी, जॅक आणि त्रिकोण काढून दुकानाच्या माळ्यावर टाकले होते.

शुक्रवारी सकाळी वहिनी एका गिऱ्हाइकाची बॅटरी पोहोचवून परतत होत्या. दुसऱ्या वळणावर शाळेची गाडी अर्धी रस्त्यात उभी. एकही दिवा लुकलुकत नव्हता. अकरा मुलं आत, आणि दीर रस्त्याच्या मधोमध, बॉनेटवर तळवा ठेवून पुटपुटत होता. वहिनी ब्रेक दाबतायत तोवर समोरून ट्रक आला. तो शाळेच्या गाडीचा आरसा उडवून गेला. मुलांना ती गंमत वाटली. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

वहिनींनी मुलांना उतरवून कठड्यामागे नेलं आणि गाडीचे लुकलुकणारे दिवे लावले. दिरानं ते बंद केले. त्यांनी पुन्हा लावले. त्यानं पुन्हा बंद केले. शेवटी वहिनींनी आपल्या गाडीतून वायरी जोडल्या, इंजिन चालू झालं, आणि दीर बॉनेटवरचा तळवा उचलून म्हणाला, "बघितलंत? बाबांचा हात पोहोचला."

"वायरी माझ्या होत्या, भावजी."

"वहिनी, तुम्ही बॅटऱ्या विकता. बाबा त्या फुकट जाग्या करतात. तुमचं पोट दुखणारच."

"दुखतंय. अकरा मुलांसाठी दुखतंय."

त्या रात्री घरात भांडणं झाली, ती सगळीच इथे सांगण्यात अर्थ नाही. एवढंच सांगायला हवं की जावेनं शेवटी भाकरीचं पीठ ताटात आपटलं आणि म्हणाली, "ताई, सोमवारी माझी पोर पुन्हा त्याच गाडीत बसणार आहे. काय करायचं ते रविवारी करू."

म्हणून रविवारी दोघी रांगेत होत्या. वहिनींनी आपल्या जुन्या गाडीत दुकानातली सर्वांत थकलेली बॅटरी बसवली होती. पाटीवरचा नियम त्यांनी इमानेइतबारे पाळला: दिवे चालू, इंजिन बंद, दीड तास. साडेसहाच्या सुमाराला दिवे पिवळे पडले, मग लालसर झाले आणि विझले. स्टार्टरनं एकदा 'टक्' केलं आणि मान टाकली.

"बाबा!" रांगेतला कोणीतरी ओरडला. "अजून एक!"

गर्दी सरकली. त्या गर्दीत दीरही होता. वहिनींना पाहून त्याचा चेहरा उजळला. "आलात का शेवटी?" तो म्हणाला. त्याला वाटलं, वहिनींना उपरती झाली.

बाबांचा उंच शिष्य पुढे आला. त्यानं बॉनेट उघडलं आणि काचेपासून बंपरपर्यंत काळं कापड पसरलं. मग खांद्यावरची जड झोळी उतरवून कापडाखाली सरकवली. "बाबांचं बळ आहे. कोणी शिवू नका," त्यानं बजावलं.

जाऊ गाडी चालवायच्या जागेवर बसली होती. सिगारेट पेटवायच्या खोबणीत तिनं बोटाएवढा मीटर खुपसला होता. बॅटरीत किती जोर आहे, ते हा मीटर लाल आकड्यांत दाखवतो. चावी अर्ध्यावर.

बाबांनी दोन्ही हात कापडाखाली घातले. "ही गाडी फार दुखावलेली आहे," ते म्हणाले. "हिला घरात कोणीतरी खटारा म्हटलं आहे."

"मीच म्हटलं," वहिनी म्हणाल्या. "रोज म्हणते."

गर्दीत खसखस पिकली. बाबा हसले नाहीत. "सगळे दिवे बंद करा. चावी मी सांगेन तेव्हाच फिरवा. यंत्राला वाटतं, माणूस मालक आहे. मी यंत्राला सांगतो, बाळा, तुझा मालक वेगळाच आहे..."

"आकडा काय गं?" वहिनींनी विचारलं.

"दहा पॉइंट सहा," जाऊ आतून ओरडली.

"...आणि मग यंत्र शरण येतं. शरण आलं की..."

"बारा पॉइंट आठ! ताई, बारा पॉइंट आठ झाले!"

"फिरव!" बाबा गरजले.

"फिरवू नकोस," वहिनी म्हणाल्या. त्या आवाज न चढवता बोलल्या. "बाबा, हात बाहेर काढा. दोन्ही."

"विधी मध्येच तोडला तर..."

"तुटू दे. माझी गाडी आहे. हात बाहेर काढा."

सगळ्यांचे डोळे बाबांकडे लागले होते. बाबांनी हात बाहेर काढले.

"आता किती?"

"बारा पॉइंट आठच."

वहिनी गर्दीकडे वळल्या. "हात बाहेर आले, बळ आतच राहिलं. कसलं बळ आहे ते बघू या." आणि शिष्य पुढे झेपावायच्या आत त्यांनी कापडाचं टोक धरून खेचलं.

आत नारिंगी रंगाची पेटी होती, जेवणाच्या डब्याएवढी. तिच्यातून दोन जाड वायरी निघाल्या होत्या. एकीच्या टोकाला लाल चिमटा, दुसरीच्या टोकाला काळा. दोन्ही बॅटरीला लावलेले. पेटीवर हिरवा दिवा जळत होता.

मग एकदम सगळेच बोलायला लागले.

"यंत्र हे निमित्त!" बाबा ओरडले. "शक्ती माझ्या हातात आहे!"

"मग पेटी काढून ठेवते, नुसत्या हातानं चालू करा," वहिनी म्हणाल्या. बाबांनी आकाशाकडे पाहिलं.

"अहो, पण गाडी तर चालू होते ना?" पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ चिडून पुढे आले. "लोकांचं काम होतंय. तुमच्या पोटात का दुखतं?"

"होते ना काका, होणारच. बॅटरीला बॅटरी जोडली की गाडी चालू होते. पण ती बंद का पडली, हे विचारा की एकदा! चाळीस गाड्या दीड तास दिवे लावून, इंजिन बंद करून उभ्या करायच्या. त्यांतल्या पाच-सहा बॅटऱ्या जुन्या असणारच, त्या मान टाकणारच. ज्यांची गाडी आपोआप चालू झाली त्यांना आशीर्वाद मिळाला, ज्यांची बंद पडली त्यांना चमत्कार दिसला. आजार यांचाच, औषधही यांचंच."

पांढऱ्या मिशांनी पाटीकडे पाहिलं, मग रांगेतल्या स्वतःच्या गाडीच्या जळत्या दिव्यांकडे. ते गेले आणि दिवे बंद करून आले.

"त्या करड्या गाडीच्या ताई कुठे आहेत? या इकडे. चिमटे काढलेत मी, तुम्ही लावा. पेटी बंद आहे ना? लाल चिमटा बॅटरीच्या अधिक खुणेला. काळा इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब, तिथे ठिणगी पडली तरी धोका कमी. आता पेटी चालू करा. फिरव गं!"

इंजिन पहिल्याच फेरीत चालू झालं. "आता पेटी बंद करा आणि काढताना उलटं: आधी काळा, मग लाल," वहिनी म्हणाल्या. ते करून झाल्यावर करड्या गाडीच्या बाई स्वतःच्या तळव्यांकडे पाहत राहिल्या, मग बाबांकडे. "मी पाया पडले हो तुमच्या," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात लाज कमी आणि संताप जास्त होता.

एका बाजूनं हशा उठला, दुसऱ्या बाजूनं शिव्या. कोणीतरी वहिनींच्या पाठीत खडा मारला. त्यांनी तो उचलून पाहिला आणि खिशात टाकला. "पाटीवरच्या खालच्या दोन ओळी पुसा," त्या म्हणाल्या. "पहिल्या ओळीनं फक्त बॅटरी मरते."

दीर गर्दीतून ढुशी मारत निघाला. "तमाशा केलात, वहिनी! चार माणसांत माझं नाक कापलंत!" शाळेची गाडी खडी उडवत उताराला लागली.

दहा मिनिटांनी दोघी उतरू लागल्या. संधिप्रकाश उरला होता. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे जावेनं ब्रेक दाबला. "ताई, गाडी!"

शाळेची गाडी रस्त्यातच उभी होती, एकही दिवा नाही. रहदारीच्या बाजूचं मागचं चाक बसलं होतं. दीर त्या चाकाशी, रस्त्याकडे पाठ करून, टायरवर तळवा ठेवून बसला होता.

वहिनींनी आपली गाडी पन्नास-साठ पावलं मागेच डांबरी रस्त्यावरून खाली घ्यायला लावली, लुकलुकणारे दिवे लावायला लावले. पिवळं जाकीट चढवलं. डिकीतला त्रिकोण उचलून त्या कठड्यामागून वर गेल्या आणि येणाऱ्या गाड्यांना वळणाआधीच दिसेल असा तो रस्त्यावर मांडून आल्या. मग दिराजवळ गेल्या.

"भावजी, कठड्यामागे या."

"बाबा म्हणाले होते, एकाग्र..."

"बाबांना शिव्या मागाहून देऊ. आधी कठड्यामागे."

तो हलेना. वहिनींनी त्याची कॉलर धरली आणि ओढलं. तो शिव्या देत, धडपडत कठड्यावरून पलीकडे आला. तेवढ्यात वर चाकं करकरली. वाळूनं भरलेला ट्रक वळण घेऊन आला, त्रिकोण पाहून वेग कमी करत आला, आणि शाळेच्या गाडीपासून पाच-सहा पावलांवर थांबला. चालकानं डोकं बाहेर काढलं.

"त्रिकोण दिसला म्हणून!" तो ओरडला. पुढचं वाक्य त्यानं पुरं केलं नाही.

दीर खाली बसला.

"आता उठा," वहिनी म्हणाल्या. "लुकलुकणारे दिवे लावा, आणि हळूहळू पुढच्या सपाटीवर घ्या."

"टायर फाटेल."

"फाटू दे. टायर दुकानात मिळतो."

जावेनं दुकानाच्या माळ्यावरून स्टेपनी आणि जॅक आणले. सपाट जागी, रस्त्यापासून लांब, हँडब्रेक ओढून, बाकीच्या चाकांना दगड लावून काम सुरू झालं. दीर जॅक फिरवायला लागला तशी वहिनींनी त्याला थांबवलं. "नट आधी सैल करा, चाक जमिनीवर असताना. मग उचला. आणि गाडीखाली बोटसुद्धा घालायचं नाही. आवळताना समोरासमोरचे नट आवळा, आणि शेवटचा जोर गाडी खाली टेकल्यावर." चाक बदलायला बावीस मिनिटं लागली. मंत्र एकही लागला नाही.

हात पुसत दीर म्हणाला, "वहिनी, एक सांगू? बाबांनीच तुम्हाला पाठवलं."

वहिनींच्या हातातला पाना थांबला. जाऊच आधी बोलली. "चावी द्या."

"काय?"

"चावी द्या. बाबांनी पाठवलं असेल तर बाबांनाच मुलं न्यायला सांगा. माझी पोर माझ्या हातानं शाळेत जाईल, बाकीची दहाही जातील. परवाना माझ्याकडेही आहे."

त्यानं वहिनींकडे पाहिलं. वहिनी शांतपणे पाना फडक्यात गुंडाळत होत्या. त्यानं चावी दिली.

इथे एक साधी गोष्ट सांगावीशी वाटते. गाडी बंद पडली की भीती वाटते, आणि घाबरलेल्या माणसाला कोणाचा तरी हात हवा असतो. हात जरूर घ्या, पण त्या हातात काय आहे ते बघायला मागा. कापड दूर करायला सांगा. खरं काम करणारा माणूस कापड दूर करतो, वर कसं करायचं तेही शिकवतो. जो म्हणतो "शिवू नका", त्याच्या समोरून मुलांना घेऊन निघा.

गुरुवारी दुपारी चारपर्यंतची माहिती अशी. नारिंगी पेटी पोलीस चौकीत जमा आहे. तक्रारीवर करड्या गाडीच्या बाईंची आणि पांढऱ्या मिशांच्या गृहस्थांची सही आहे. बाकी साक्षीदार मिळालेले नाहीत. तिसऱ्या वळणावरची शेड रिकामी आहे. पाचव्या वळणावर नवे पत्रे येऊन पडले आहेत; कोणाचे, ते मजूर सांगत नाहीत. शाळेची गाडी चारही दिवस वेळेवर पोहोचली. दिरानं बुधवारी रात्री चावी परत मागितली. जावेनं त्याच्यासमोर कोरा कागद आणि पेन ठेवलं, आणि गाडी रस्त्यात बंद पडली तर पहिल्यांदा काय करायचं ते लिहायला सांगितलं. कागद अजून जेवणाच्या टेबलावर आहे. त्यावर एक ओळ लिहून खोडलेली आहे.